बार्बाराची स्मृतिमैफल आणि एका गाण्याचा अनुवाद : मदत हवी आहे

अनघड

नमस्कार मंडळी.

मी गेली सहा वर्षं जर्मनीत ग्योटिंगेनला असतो. इथल्या एका हौशी गायकवृंदात दर मंगळवारी गायला जातो. येत्या २४ नोव्हेंबरला, म्हणजे बार्बारा या फ्रेंच गायिकेच्या पुण्यतिथीला, आमचा वृंद तिच्या स्मरणार्थ छोटी मैफल करतोय. शेवटी तिचं 'ग्योटिंगेन' हे गाणं फ्रेंच आणि जर्मनमध्ये गायचं, आणि त्याआधी वृंदातल्या परदेशी लोकांनी ते आपापल्या मातृभाषेत वाचून दाखवायचं असं ठरलंय. मराठीचं काम माझ्याकडे आलंय. तीन आठवडे झाले, दोन ठिकाणी अडकून बसलोय. म्हणून हा धागा.

आधी गाण्याची गोष्ट सांगतो. ती माहीत नसेल तर माझी अडचण कळणार नाही.

बार्बाराचं खरं नाव मोनिक सेर्फ. जन्म १९३०, पॅरिस, घर ज्यू. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात गेला तेव्हा ती दहा वर्षांची होती. पुढची वर्षं या कुटुंबाने गावं बदलत, लपूनछपून काढली. 'बार्बारा' हे नाव तिने पुढे आजीच्या 'वार्वारा' या नावावरून घेतलं.

१९६४ साली इथल्या 'युंगेस थिएटर'चा संचालक हान्स-गुंटर क्लाइन याने पॅरिसमध्ये तिचं गाणं ऐकलं आणि तिला इथे बोलावलं. तिने आधी नाही म्हटलं. जर्मनीत गायची तिची इच्छा नव्हती. मग तयार झाली, पण अट घातली की रंगमंचावर काळा ग्रँड पियानो हवा. जुलैत येऊन बघते तर तिथे उभा पियानो, भिंतीला लावून ठेवतात तसला. त्याच्यामागे बसलं की प्रेक्षक दिसतच नाहीत. ग्रँड पियानो आणायचा तर पियानो वाहून नेणाऱ्या कामगारांचा संप चालू. ती म्हणाली, मग मी गाणार नाही. शेवटी गावातल्या एका वृद्ध बाईंनी घरचा पियानो देऊ केला आणि दहा विद्यार्थ्यांनी तो उचलून थिएटरात आणला. कार्यक्रमाला बराच उशीर झाला, पण लोक बसून होते.

त्या रात्रीनंतर तिचा मुक्काम आठवडाभर वाढला. शेवटच्या दुपारी थिएटरच्या छोट्या बागेत तिने या गाण्याचे शब्द लिहिले आणि त्याच रात्री अर्धवट चालीत, थोडं गाऊन थोडं वाचून, लोकांपुढे ठेवलं. पुरं केलं पॅरिसला गेल्यावर. १९६७ मध्ये ती परत इथे आली, आणि त्याच वर्षी गाण्याचं जर्मन ध्वनिमुद्रणही निघालं.

शेवटच्या कडव्यापर्यंत गाण्यात युद्ध येत नाही. पॅरिसची नदी इथे नाही, पण गुलाब आहेत. लहानपणी ऐकलेल्या परीकथा आहेत (ग्रिम बंधू इथल्याच विद्यापीठात शिकवत). चार अगदी साधी जर्मन नावं आहेत. आणि मुलं आहेत, जी पॅरिसमध्ये आणि ग्योटिंगेनमध्ये सारखीच असतात. हे म्हणताना ती ज्यांना राग येईल त्यांची क्षमा मागते.

आता अडचणी. 'मुलं' लिहिलं की ओळ शाळेच्या माहितीपत्रकातली वाटते. हे पहिलं. दुसरं म्हणजे शेवट. तसले दिवस पुन्हा येऊ नयेत, कारण या गावात अशी माणसं आहेत ज्यांच्यावर माझं प्रेम आहे, असा तिथला भाव आहे. मराठीत 'ज्यांच्यावर माझं प्रेम आहे' हे माझ्या तोंडात बसत नाही. आपण आईवडिलांनासुद्धा असं म्हणत नाही.

गाणं स्वामित्वहक्काखाली आहे, त्यामुळे पूर्ण शब्द इथे देत नाही. ऐकायला सहज मिळेल. काय सुचतंय ते मनापासून सांगा.

---

केतकी_नाशिक

गोष्ट वाचून अंगावर काटा आला. मी तिचं नाव आज पहिल्यांदा ऐकलं. शोधलं तर सगळीकडे 'कॅबरे गायिका' लिहिलंय. आपल्याकडे कॅबरे म्हटलं की हिंदी सिनेमातला नाच, झगमगीत कपडे आणि पडद्यावर हेलन. या बाई तर काळ्या कपड्यांत पियानोपाशी बसलेल्या दिसतात. मग कॅबरे का म्हणतात?

---

ल्यॉनवासी

@केतकी_नाशिक, फ्रान्समध्ये आल्यावर मलाही हाच प्रश्न पडला होता. पिसांचे मुकुट आणि नाच असलेले कॅबरे पॅरिसमध्ये आहेतच. पण दुसऱ्या महायुद्धानंतर सीन नदीच्या डाव्या तीरावर वेगळे कॅबरे उभे राहिले. एखादी लांबट खोली किंवा तळघर, जेमतेम दोन माणसं मावतील एवढा मंच, आणि ऐकायला येणारे लोक हाताच्या अंतरावर. तिथे गाण्यात शब्द आधी, बाकी सगळं नंतर. बार्बारा ज्या 'लेक्ल्यूज'मध्ये गायची ते नदीकाठच्या धक्क्यावरच होतं. तिची पाळी रात्री उशिरा यायची, म्हणून तिला 'मध्यरात्रीची गायिका' म्हणू लागले.

माझी आजी बैठकीच्या लावणीबद्दल सांगायची. ढोलकीच्या फडात हजार माणसं असतात, तिथे आवाज फेकावा लागतो. बैठकीत समोर दहा जण, तिथे गाणारी एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणते आणि दर वेळी वेगळी अदा करते. 'लेक्ल्यूज'बद्दल वाचताना मला आजीचंच बोलणं आठवत राहिलं. भुवई हलली तरी शेवटच्या माणसाला दिसते, अशी ती जागा.

आणखी एक. कित्येक वर्षं ती दुसऱ्यांचीच गाणी गात होती. ब्रासान्स आणि ब्रेल या दोन गीतकार-गायकांच्या गाण्यांच्या तिच्या तबकड्या १९६० आणि १९६१ मध्ये निघाल्या. स्वतः लिहिलेली गाणी आहेत हे सांगायलाही तिला धीर होत नव्हता असं म्हणतात. 'बार्बारा गाते बार्बारा' अशा अर्थाच्या नावाची तबकडी आली १९६४ मध्ये. म्हणजे ग्योटिंगेनला आली तेव्हा ती स्वतःची कवयित्री म्हणून नुकती कुठे उभी राहत होती. अनघड, हे तुमच्या निवेदनात जरूर घ्या.

---

दख्खनचा_वाटसरू

ग्योटिंगेन नाव वाचून धाग्यात शिरलो, कारण पुण्याच्या संस्कृतवाल्यांना हे नाव घरचं आहे. डेक्कन कॉलेजात १८६६ ते १८८१ संस्कृत शिकवणारे फ्रान्झ कीलहॉर्न पुण्याहून गेले ते थेट ग्योटिंगेनच्या विद्यापीठात. पतंजलीच्या व्याकरणमहाभाष्याची त्यांची संहिता आजही प्रमाण मानतात. १९०८ मध्ये ते तिथेच वारले. आणि रा. गो. भांडारकरांना सन्मान्य डॉक्टरेट देणारं विद्यापीठही ग्योटिंगेनच, साल १८८५.

मैफलीशी याचा थेट संबंध नाही हे मान्य. पण त्या गावात मराठी वाचली जाणार म्हटल्यावर मला राहवलं नाही. पुण्यातल्या शास्त्र्यांकडून ऐकलेल्या कितीतरी गोष्टी कीलहॉर्न तिकडे घेऊन गेले. सव्वाशेहून अधिक वर्षांनी तुम्ही तिथल्याच एका सभागृहात मराठीत उभे राहणार आहात. मला फार बरं वाटलं.

---

अनघड

@दख्खनचा_वाटसरू, त्यांच्या विद्यापीठात सहा वर्षं वावरतोय आणि मला हे माहीत नव्हतं. मनापासून आभार.

@ल्यॉनवासी, बैठकीच्या लावणीची उपमा निवेदनात घेणार. जर्मन श्रोत्यांना लावणी समजावून सांगावी लागेल, पण सांगेन.

---

नदीकाठ

माझं मत वेगळं आहे. राग मानू नका.

अनुवाद वाचूच नये. ही मैफल तिच्या स्मरणार्थ आहे. तिने जे शब्द त्या बागेत बसून लिहिले तेच ऐकू यावेत. त्या सभागृहात मराठी समजणारी माणसं किती, दोन? तीन? बाकीच्यांसाठी तो नुसता नाद. गाणाऱ्या माणसाची आठवण काढायला जमायचं आणि वेळ आपण घ्यायचा, हे मला पटत नाही. माझ्या गुरूंच्या पुण्यतिथीला दर वर्षी असंच होतं. गुरूंच्या बंदिशी राहतात बाजूला आणि प्रत्येक जण आपली नवी रचना मांडतो. फार वाईट वाटतं.

---

सहा_मात्रा

@नदीकाठ, गुरूंच्या पुण्यतिथीबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. पण इथे ते नवी चाल लावत नाहीत, वाचणार आहेत. तेही गाण्याच्या आधी. ते मला योग्य वाटतं.

अनघड, चुकूनही मराठी शब्द त्या चालीत बसवू नका. चाल तीन-तीनच्या झोक्याची आहे, आपल्या दादऱ्याजवळ जाणारी, त्यामुळे बसवायचा मोह होणार. पण फ्रेंचमध्ये गावाच्या नावाचं शेवटचं अक्षर किंचित लांबतं आणि ओळ तिथे टेकते. दर वेळी गावाचं नाव हेच विसाव्याचं ठिकाण. मराठीत वाक्य क्रियापदावर संपतं. चालीत बसवायला गेलात तर गाव मध्ये जाईल आणि शेवटी 'आहेत', 'असतात' उरेल. वाचताना मात्र गाव शेवटी ठेवता येतं. क्रियापद गाळा. 'गुलाब किती सुंदर, ग्योटिंगेनमध्ये' असं मराठीत म्हणता येतं, आणि ते बोलण्यातलंच वाटतं.

---

अनघड

@सहा_मात्रा, क्रियापद गाळून बघितलं. अर्धं गाणं एका संध्याकाळीत सुटलं!

@नदीकाठ, तुमचा मुद्दा मी आमच्या संचालिकाबाईंसमोर ठेवला. त्या सत्तरीच्या आहेत, आयुष्यभर शाळेत संगीत शिकवलं. त्यांचं म्हणणं, बार्बारा स्वतः हे गाणं जर्मनमध्ये गायली. ज्यांच्याबद्दल गाणं होतं त्यांना ते त्यांच्या भाषेत मिळावं म्हणून. वाल्टर ब्रांडिनचा तो अनुवाद तिने स्वीकारला. आता या गावात राहणाऱ्यांच्या भाषा वाढल्या आहेत. मला हे पटलं. पण तुमच्या म्हणण्यातला अर्धा भाग आम्ही घेतला: वाचन प्रत्येकी दीड मिनिटाच्या वर नाही, आणि शेवट तिच्याच शब्दांत.

---

जुनी_वही

मुलं = लेकरं. दुसरा शब्दच नको.

'मुलं' कुणाचीही असतात, शाळेची, गावाची, जनगणनेतली. 'लेकरं' म्हटलं की बोलणारी बाई त्यांच्याकडे बघतेय हे कळतं. आमच्याकडे मराठवाड्यात अनोळखी पोरालाही 'लेकरा' म्हणतात. ज्या देशाने आपल्याला लहानपणी जीव वाचवून पळायला लावलं त्या देशाच्या पोरांना ती 'लेकरं' म्हणतेय, असं वाचा एकदा. मला तरी तिथे थांबावं लागलं.

शेवटासाठी: 'माणसं'. मराठीत प्रेम सांगायची हीच रीत आहे. 'ती आपली माणसं आहेत.' यात सगळं येतं. 'ग्योटिंगेनमध्ये आपली माणसं आहेत' असं करा.

---

केतकी_नाशिक

+१ लेकरं.

पण 'आपली'पाशी मला थोडं अडायला होतंय. 'आपली माणसं' म्हटलं तर ऐकणारेही त्यात आले. 'माझी माणसं' म्हटलं तर ती एकटीच बोलते. गाण्यात कोण बोलतंय? ती एकटी ना?

---

जुनी_वही

@केतकी_नाशिक, बरोबर पकडलंत. मी 'आपली' सवयीने लिहिलं.

विचार केला. 'आपली' जास्त ऊबदार आहे, सभागृहातल्या सगळ्यांना कवेत घेणारं. पण त्या बाईचा अधिकार तिच्या एकटीच्या अनुभवातून आलाय. 'आपली' म्हटलं की ती ज्यांनी सोसलं त्या सगळ्यांच्या वतीने माफ करतेय असं होईल. तो हक्क तिने घेतला नव्हता. ती राग येणाऱ्यांची क्षमा मागते, म्हणजे राग धरायचा त्यांचा हक्क तिला मान्य आहे. म्हणून 'माझी माणसं'. माझं मत बदललं.

---

अनघड

हा फरक मी काल तालमीत सांगितला. जर्मनमध्ये 'आमचं' आणि 'आपलं' यांना एकच शब्द आहे. फ्रेंचमध्येही तसंच. संचालिकाबाईंनी मला तीन वेळा समजावायला लावलं, मग वहीत लिहून घेतलं. ऐकणाऱ्याला आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं हे तुमच्या भाषेत प्रत्येक वाक्यात ठरवावं लागतं का, असं विचारलं त्यांनी. मी हो म्हटलं. त्यांच्या प्रश्नापर्यंत मी स्वतः कधी याचा विचार केला नव्हता.

'माझी' नक्की.

आता एक वेगळा आणि अवघड प्रश्न. कार्यक्रमात तिचं 'नांत' हे गाणं आहे. वडील १९४९ मध्ये घर सोडून गेले. डिसेंबर १९५९ मध्ये नांत शहरातून फोन आला की ते शेवटच्या घटका मोजताहेत. ती पोचली तेव्हा उशीर झाला होता. त्यावरचं हे गाणं. पाऊस, अनोळखी गल्ली, आणि निरोप न घेता गेलेला बाप. गाण्यातल्या गल्लीचं नाव तिने कल्पनेने ठेवलं होतं. १९८६ मध्ये नांत शहराने खरोखरच एका रस्त्याला ते नाव दिलं.

पण तिच्या मृत्यूनंतर १९९८ मध्ये तिच्या अपुऱ्या राहिलेल्या आठवणी प्रसिद्ध झाल्या. लहानपणी वडिलांनी तिचं लैंगिक शोषण केलं होतं, हे तिने त्यात स्वतः लिहिलंय. गाण्याआधी हे श्रोत्यांना सांगायचं का? वृंदात दोन तट पडलेत.

---

मोकळा_श्वास

मी समुपदेशक आहे, लैंगिक अत्याचारातून गेलेल्या मुलींबरोबर काम करते. धागा रोज वाचत होते, आज लिहिते.

तुमच्या सभागृहात शंभर लोक असतील तर त्यातल्या काहींच्या बाबतीत हे घडलेलं असणार. गाण्याआधी निवेदकाने माइकवर ते सांगितलं तर त्यांना अंधारात, अनोळखी लोकांमध्ये, काही तयारी नसताना ते ऐकावं लागेल. आणि पुढची पाच मिनिटं बाकी सगळे गाण्यात बापाचा गुन्हा शोधत बसतील. तिने गाण्यात तो ठेवलेला नाही. मला जे ऐकू येतं ते असं की तिला बापाला भेटायचं होतं, आणि भेट झाली नाही. माझ्यासमोर बसणाऱ्या मुलींमध्ये हे दोन्ही असतं. संताप असतो, आणि त्या माणसाने एकदा तोंडाने कबूल करावं ही आसही असते. बाहेरच्यांना वाटतं यातलं एकच खरं असलं पाहिजे.

पण लपवूही नका. लिहायचं तिने स्वतः ठरवलं होतं. छापील कार्यक्रमपत्रिकेत, तिच्या आयुष्याच्या ओळखीत, दोन सरळ वाक्यांत लिहा. वाचणारा आपल्या गतीने वाचेल. खाली मदतीच्या दूरध्वनी सेवेचा क्रमांक द्या.

---

ल्यॉनवासी

@मोकळा_श्वास, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

अनघड, एड्सबद्दलचं तिचं कामही पत्रिकेत घ्या. १९८७ मध्ये तिने त्या आजारावर गाणं केलं तेव्हा लोक रुग्णाचा हात धरायला घाबरत होते. ती रुग्णालयांत आणि तुरुंगांत जायची, रुग्णांशी फोनवर बोलत राहायची, कार्यक्रमाच्या जागी निरोधच्या टोपल्या ठेवायची. इकडच्या कितीतरी जणांना ती गाण्यांइतकीच यासाठी आठवते.

---

अनघड (२६ नोव्हेंबर)

मंडळी, मैफल झाली. जमेल तसं लिहितो.

जुन्या थिएटरच्या इमारतीवर, गाइस्मार लांडश्ट्रासेवर, तिच्या नावाची पाटी आहे. कार्यक्रमाच्या आधी आम्ही सगळे तिथे जाऊन आलो. पाऊस होता. कुणी काही बोललं नाही, संचालिकाबाईंनी पाटी रुमालाने पुसली. मग सभागृहात.

कुणीही तिची नक्कल करायची नाही हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं. काळे कपडे नाहीत, तिच्यासारखा थरथरता आवाज काढायचा नाही. सगळ्यांनी घरचे साधे कपडे घातले. याचा इतका फायदा होईल असं वाटलं नव्हतं. लोक पहिल्याच गाण्यापासून शब्दांकडे वळले.

'नांत' कुठल्याही निवेदनाशिवाय झालं. पत्रिकेत दोन वाक्यं आणि खाली दूरध्वनी क्रमांक. गाणारी मुलगी पंचविशीची असेल. संपल्यावर टाळ्या यायला वेळ लागला, आणि त्या अवकाशात पियानोवाल्याने घाई केली नाही. मध्यंतरात एक बाई पत्रिका हातात घेऊन माझ्याशेजारी बराच वेळ उभ्या होत्या. पत्रिका घडी करून पर्समध्ये ठेवली आणि पुढच्या भागासाठी आत गेल्या. @मोकळा_श्वास, तुमचा सल्ला ऐकला म्हणून मी फार कृतज्ञ आहे.

मग वाचनं. तुर्की, पोलिश, युक्रेनियन, अरबी आणि मराठी. युक्रेनियन वाचणारीचा आवाज शेवटच्या कडव्यात बसला. तिने थांबून पाणी प्यायलं आणि तेच कडवं पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तिच्यानंतर माझी पाळी. पाय कापत होते. 'लेकरं' मी जरा हळू म्हटलं. शेवटी 'माझी माणसं, ग्योटिंगेनमध्ये'.

त्यानंतर फ्रेंच, आणि मग जर्मन. जर्मन सुरू झाल्यावर मागच्या रांगांतले म्हातारे लोक सोबत गुणगुणू लागले. त्यांच्यातल्या एका आजोबांनी नंतर सांगितलं की त्यांची आई १९४६ मध्ये फ्रीडलांडच्या निर्वासित छावणीतून या गावात आली, ते तेव्हा तिच्या कडेवर होते. छावणी इथून जवळच आहे, अजून चालू आहे. ते म्हणाले, त्यांच्या लहानपणी घरात फ्रेंच लोकांबद्दल चांगला शब्द निघत नसे. विशीत असताना हे गाणं ऐकलं आणि पहिल्या पगारातून तबकडी घेतली.

बाहेर पडायच्या दाराशी एड्स समुपदेशनासाठी मदतीचा डबा ठेवला होता, @ल्यॉनवासी. चांगला भरला.

---

नदीकाठ

वाचलं. माझा विरोध होता तो मागे घेतो. युक्रेनियन मुलीने कडवं पुन्हा वाचलं, तिथे मी थांबलो. या वर्षी गुरूंच्या पुण्यतिथीला फक्त त्यांच्याच बंदिशी होतील असं बघणार आहे, आणि प्रत्येक बंदिशीआधी तिचा अर्थ कुणीतरी साध्या बोलीत सांगेल.

---

दख्खनचा_वाटसरू

ध्वनिमुद्रण असेल तर मराठी वाचनाचा भाग ऐकायला आवडेल.

---

अनघड

@दख्खनचा_वाटसरू, वृंदाच्या संग्रहासाठी केलंय, जाहीर ठेवायची परवानगी नाही. आपण कधी भेटलो तर समोर बसून वाचून दाखवीन.

एक सांगायचं राहिलं. मैफलीच्या आदल्या रात्री मी मिरजेला आईला फोन करून मराठी मजकूर वाचून दाखवला. उच्चार आणि श्वास तपासायचा होता, त्यामुळे हे गाणं आहे, कुणा फ्रेंच बाईंनी लिहिलंय, यातलं काहीच सांगितलं नाही. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं झालं, तुला तिथं तुझी माणसं मिळाली. त्यांना एकदा मिरजेला घेऊन ये."